अर्ध्यावरचा झेंडा

निवेदिका: काका, आधी बसा तरी. पाणी देऊ?

गोलकीपर: मेलेल्याला कसली तहान? अकराच्या बातम्यांना मी जेवायला बसलो होतो. घास हातात, आणि रेडिओवर तू गळा काढतेस, 'आपल्या गावचा पोलादी गोलकीपर काळाच्या पडद्याआड.' बायको असती तर तिथेच कोसळली असती. नशीब, ती आधीच गेली.

निवेदिका: चूक झाली, काका. आमचा बातमीदार सकाळी क्लबवरून आला. म्हणाला, झेंडा अर्ध्यावर उतरवलाय. क्लबात सगळ्यांत जुने तुम्हीच, म्हणून...

गोलकीपर: म्हणून मीच मेलो! अगं, दोरी अडकलीय चाकात! काल संध्याकाळपासून माळी शिडी शोधत हिंडतोय. एक फोन नाही करता आला?

निवेदिका: केला होता. तुम्ही उचलला नाहीत.

गोलकीपर: वा! फोन उचलला नाही की तिरडी बांधा. आणि ते मागचं रडकं व्हायोलिन एवढ्यात कुठून पैदा केलंत?

निवेदिका: ते... तयार असतं. गावातल्या मोठ्या माणसांचं आम्ही आधीच करून ठेवतो. तुमचं मागच्या वर्षी केलं.

गोलकीपर: म्हणजे वर्षभर मी इथे मरून पडलोय आणि मलाच पत्ता नाही!

निवेदिका: आदरानेच केलं होतं हो.

गोलकीपर: आदर! जिवंतपणी एकदा बोलावलं नाहीत. तुमच्या सांस्कृतिक गप्पांत कोण येतं, तर नगराध्यक्षांची मेहुणी, कवितांची चळत घेऊन. खेळाच्या बातम्या देणाऱ्याला कॉर्नर आणि पेनल्टी यातला फरक कळत नाही. आणि तुझं हवामान! बाहेर छपरं उडाली तरी तुझं आपलं 'आकाश अंशतः ढगाळ राहील'. या खोलीला खिडकी नाही का?

निवेदिका: होती. रस्त्याचा आवाज यायचा म्हणून बुजवली.

गोलकीपर: छान केलंत. गावाची बातमी देणार आणि गाव दिसता कामा नये.

निवेदिका: फोनवर तुम्ही साहेबांना झापलंत, तेव्हाच त्यांचा हुकूम आला. आता एकच्या बातम्यांत सगळ्यांत आधी दुरुस्ती. ही बघा, 'आमच्याकडून अनवधानाने...'

गोलकीपर: 'अनवधानाने' खोड. 'मूर्खपणाने' लिही.

निवेदिका: नोकरी जाईल माझी.

गोलकीपर: आणि दुसरं दुरुस्त कर. 'अंतिम सामन्यात त्यांच्या हातून निसटलेला तो एकच चेंडू' म्हणे! माझ्या हातून? धाकट्याच्या पायाला लागून आत गेला तो. बचावाला उभा केला, तर बैलोबाने आपल्याच जाळ्यात मारला.

निवेदिका: धाकटे म्हणजे तुमचे भाऊ ना?

गोलकीपर: होता. सामना संपल्यावर याच रेडिओवाल्यांनी मला विचारलं, गोल कसा झाला. मी म्हटलं, ज्याचा पाय त्याचा गोल. खोटं बोललो? अख्ख्या गावाने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वारीने गाव सोडलं. माझी बायको गेली तेव्हाही फिरकला नाही. पायात अक्कल नाही, पण नाकावर माशी बसू देणार नाही!

निवेदिका: काका, त्यांचा फोन आला होता.

गोलकीपर: कोणाचा?

निवेदिका: धाकट्यांचा. बातमी कोणीतरी त्यांना कळवली. मला वाटलं, रडतील वगैरे. तर तुमच्यासारखेच अंगावर आले. म्हणाले, 'चेंडू त्याच्या हातून निसटला असं कोणत्या गाढवाने लिहिलं? गोल माझा होता. माझ्या पायाने गेला. हे रेडिओवर सांगा.'

गोलकीपर: असं म्हणाला?

निवेदिका: हो. मग नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. मला वाटलं, सर्दी झालीय.

गोलकीपर: रडत असणार. लहानपणापासून रडूबाई आहे.

निवेदिका: ते निघालेत, काका. गाडीने. अंत्ययात्रा किती वाजता, विचारत होते. तेव्हा मला तरी खरं कुठे ठाऊक होतं! मी म्हटलं, एकच्या बातम्यांत सांगू. गाडीत आपलंच स्टेशन लावून बसले असतील. मघापासून फोन लावतेय, उचलत नाहीत. असो, तुम्ही ठणठणीत आहात हे ऐकून किती आनंद...

गोलकीपर: कसला आनंद! जिथे असेल तिथून गाडी वळवेल. तो मेलेल्या भावाकडे येतोय, बाई. जिवंताकडे यायचं असतं, तर रस्ता काय आज बांधलाय?

निवेदिका: पण दुरुस्ती मला वाचावीच लागेल. एक वाजायला आलाय.

गोलकीपर: वाच ना. मी कुठे नको म्हणतोय? कुठवर आला असेल?

निवेदिका: निघाले त्या हिशेबाने पुलाच्या आसपास. तिथून गावात यायला पाव तास.

गोलकीपर: आणि बातम्या?

निवेदिका: तेवढ्याच. शेवटी खेळ, मग हवामान.

गोलकीपर: मग मी घरी पळतो. तो यायचा आणि दाराला कुलूप! आणि हे बघ पोरी, क्लबात तेवढा फोन लाव. माळ्याला सांग, शिडी शोधू नको. पुलावरून येताना झेंडा दिसतो.

निवेदिका: आणि दुरुस्ती?

गोलकीपर: साहेबाचा हुकूम आहे ना तुला. मी कोण सांगणारा? मी तर मेलोय.

(लाल दिवा लागतो.)

निवेदिका: नमस्कार. दुपारचा एक वाजला आहे. आज सुरुवात हवामानाने करू या, आणि जरा सविस्तर.