डफाचं चामडं

आदरणीय अध्यक्ष महोदया, संचालक साहेब, तालवाद्य विभागाचे प्रमुख, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, सहकारी, विद्यार्थी आणि मी बोलायच्या आधीच रुमाल काढून बसलेली माझी ताई, सर्वांना नमस्कार.

आत्ता माझ्याबद्दल इतकं चांगलं ऐकलं की वाटलं, या बाईंना एकदा भेटायला हवं.

प्रमुखांनी मला ‘डफाची तपस्विनी’ म्हटलं. आभार. पण मी तपस्विनी झाले कशी, तेही सांगते. मी इथे आले ती ताल शिकवायला. पहिल्याच बैठकीत हेच प्रमुख मला म्हणाले, “बाई, तुमचं वाद्य छान आहे, पण ते तालाचं नाही, मनःशांतीचं.” मग मला चटया अंथरलेली मागची खोली मिळाली. दारावर पाटी लागली, ध्यानवर्ग. पोटाचा प्रश्न होता, मीही डोळे मिटले.

सुट्ट्या मिळाल्या की मात्र संग्रहालयं हिंडले. हजारो वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती पाहिल्या. उभी बाई आणि तिच्या छातीशी गोल डफ. देवापुढे ताल धरणाऱ्या बाया होत्या त्या. त्यांची भक्ती एका खोलीत आणि मात्रा दुसऱ्या खोलीत बसत असतील, असं मला तरी वाटत नाही. हे मी बैठकीत मांडलं. प्रमुख म्हणाले, “चाळण असेल हो ती.” सगळे हसले. मीही हसले. बैठकीतल्या एकुलत्या एका बाईला न हसून चालतं का?

माझी एक शिष्या आहे. ती वाजवायला लागली की मी शिकवणं थांबवते आणि ऐकते. माझ्या निवृत्तीनंतर वर्ग तिला द्यावा, एवढं एकच मागणं मी संचालक साहेबांकडे केलं होतं. साहेब म्हणाले, “तुमची जागा कोण भरून काढणार?” मला ते कौतुक वाटलं. तो निर्णय होता. वर्ग माझ्याबरोबरच बंद होतोय.

आणि माझा डफ दर्शनी दालनातल्या काचेच्या पेटीत जायचा होता. तो शोभून दिसावा म्हणून कार्यालयाने त्याला वार्निश मारून घेतलं. लाकडाला, आणि चामड्यालासुद्धा. हेतू चांगलाच होता. पण चामडं दमट हवेत सैल पडतं, शेकलं की ताणलं जातं, हाताची ऊब पितं. म्हणून तर ते बोलतं. परवा मी थाप मारली, तर पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. कार्यालयातली मुलगी कौतुकाने म्हणाली, “मॅडम, आता हा कधीच खराब नाही होणार.”

तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं समारोपाचं वादन होणार नाही. आज सकाळी मी ते चामडं सुरीने कापून काढलं. पेटीवरचा पडदा सारलात की तुम्हाला ते दिसेल. छान चमकतंय. लाकडी कडं मी शिष्येला दिलंय. त्यावर नवं चामडं चढवून घ्यायला ती गेली आहे, म्हणून ताईशेजारची खुर्ची रिकामी. वर्ग आता ताईच्या गॅरेजमध्ये भरेल. मेहुण्यांची गाडी बाहेर उभी राहील. त्यांना हे आत्ताच कळतंय.

फुलांबद्दल आणि मघाच्या चहाबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर क्षमा असावी. तो राखता राखताच माझी सगळी नोकरी सरली.