पंख्यांच्या कारखान्याची गोष्ट

मावशी : खुर्ची ओढ अशी, जवळ बस माझ्या. तुझं मी ऐकलं, आता माझी एक गोष्ट ऐक.

विद्यार्थिनी : मावशी, बाराला मला वर समितीपुढे उभं राहायचंय. सव्वाअकरा झालेत. संशोधनाची ही जागा हुकली तर बाबा पुढचं शिकवणार नाहीत, दुकानात बसवतील. चिठ्ठीवर सही करा ना. गोष्ट जेवताना ऐकते.

मावशी : कळल्याशिवाय सही कशी करू? नियम मॅडमचा आहे, माझा नाही.

दादा : वित्त विभागाचं अध्ययन केंद्र. वीस संगणक, माझ्यासारखे तीन मार्गदर्शक, आणि शेवटची सही नोंदवही सांभाळणाऱ्या मावशींची. विभागप्रमुख मॅडम म्हणतात, मावशींना समजावता आलं नाही तर तुम्हालाच समजलेलं नाही.

विद्यार्थिनी : तू मजा बघत बस. सांग ना त्यांना, काम चोख आहे म्हणून.

दादा : चोख आहे, मावशी. आठवडाभर मीच तपासलंय.

मावशी : मग दोन वाक्यांत सांग बघू.

विद्यार्थिनी : मी शंभर लहान कंपन्या घेतल्या. वीस वर्षांपूर्वी कुणी त्यांचे शेअर घेऊन नुसते ठेवले असते, तर वर्षाला सतरा टक्के वाढ झाली असती. म्हणून लहान कंपन्या बिनधास्त घ्याव्यात. झालं.

मावशी : हे कळलं. आता माझं. तेव्हा आमचे हे पंख्यांच्या कारखान्यात होते. लहानच कंपनी, पण शेअरबाजारात होती हो. ह्यांचं काम काय, तर ऐकायचं. देवानं कानच तसे दिले होते. पंखा फिरवायचा, बारीक घरघर आली की नापास. घरी आले तरी तेच. मी बोलायला लागले की मान तिरकी करून ऐकायचे.

दादा : आणि नापास करायचे?

मावशी : बत्तीस वर्षं नांदले, म्हणजे पासच केलं असेल. तर तुझ्या शंभरात तो कारखाना कितवा?

विद्यार्थिनी : नाव सांगितलं होतं तुम्ही मागे. थांबा, बघते... नाही दिसत. बंद झालाय का?

मावशी : बारा वर्षं झाली.

विद्यार्थिनी : मग नसणारच. मी आज चालू असलेल्याच...

दादा : का थांबलीस?

विद्यार्थिनी : दादा, यादी काढताना ‘फक्त चालू कंपन्या’वरची खूण तशीच राहिली.

दादा : अरे देवा. आणि मी आठवडाभर सूत्रं तपासत बसलो.

मावशी : मला कुणी सांगेल का काय झालं ते?

विद्यार्थिनी : मी फक्त तगलेल्या कंपन्या मोजल्या, मावशी. बुडालेल्या धरल्याच नाहीत. नापास मुलं वगळून वर्गाची सरासरी काढावी, तसं.

मावशी : हां. आता कळलं.

दादा : खूण काढ. वीस वर्षांपूर्वीची यादी घे आणि चालव पुन्हा. दहा मिनिटांचं काम आहे.

(काही वेळ फक्त कळफलकाचा आवाज.)

विद्यार्थिनी : आठ. सतराचे आठ झाले. बँकेत ठेवले असते तरी एवढेच मिळाले असते. मावशी, तुमचा कारखानाही आलाय या यादीत.

दादा : हे बघ, जागा एक आहे आणि तुम्ही सातजण. सतरा घेऊन जा. शेवटी बारीक अक्षरात लिही की अभ्यासाला मर्यादा आहेत. शेवटचं पान समितीत कुणी वाचत नाही.

विद्यार्थिनी : मावशी, तुम्ही काय म्हणता?

मावशी : मी काही म्हणत नाही. चिठ्ठी दे, सही करते. दोन्ही आकडे मला कळलेत. कुठला न्यायचा ते तू आणि देव बघून घ्या.

विद्यार्थिनी : ...आठ नेते. दादा, पहिलं पान उघड. ‘बिनधास्त’ काढून टाक. तिथे लिही, शंभरातल्या तेहेतीस आज नाहीत.

दादा : विचारतील, काल पाठवलेल्या सारांशात सतरा कसे होते.

विद्यार्थिनी : चुकले म्हणून सांगेन. चूक कुणी पकडली तेही सांगेन.

मावशी : माझं नको गं, मी नोंदवहीवाली. सांगायचंच असेल तर त्या तेहेतिसांतून आमच्या कारखान्याचं नाव वाच. हे गेल्यापासून ते मोठ्यानं घेतलेलं मी ऐकलं नाही कुणाच्या तोंडून. आणि वाचताना ह्यांची एकदा आठवण काढ, बाई.