निम्मी पिवळीत, निम्मी तांबडीत

नको, घोंगडं झाडू नका तात्याबा, असाच बसतो. आन् ती चाती चालू द्या तुमची, लोकर कातता कातता ऐकलं तरी चालतंय. — पाणी नको, पिऊन आलोय. व्हय, खरंच. ह्या वाडीत पाणी मागायला मला जरा... असू द्या. छकड्यातनं आलो. मोटार गेली की! खुर्चीसंगं मोटार गेली, पट्टेवाला गेला, नाथाजी तेवढा ऱ्हायला — तो बघा, बैलं सोडून लिंबाखाली निजलाबी. मी अध्यक्ष हुतो तवा हाच गडी मोटारीच्या पायरीवर उभा ऱ्हाऊन वरडायचा, "लोकल बोर्डाचं अध्यक्ष हंबीरराव आलं हो!" आता बैलांवर वरडतो. — हसा, हसा. मीबी हसतो कवाकवा.

तर कामाचं बोलतो. उद्या बाराच्या आत वडूजच्या कचेरीत फारम द्यायचा. हा बघा. चार दिस खिशातच हाय, घामानं मऊ पडला पार. माझं नाव मी लिवलंय, खाली सूचकाची जागा तेवढी मोकळी हाय. आता मला सुचवायला तालुक्यात माणूस मिळंना असं न्हाई — मानसिंग म्हणला मी सही करतो, नानासो म्हणला मी करतो. मी म्हणलं, न्हाई. ह्या बारीला अंगठा तात्याबाचा, आन् त्याच्या मागनं सबंध वाडीचा भंडारा. का? ते तुमाला ठावं हाय का. अकरा मतं, तात्याबा. अकरा मतांनी तालुक्यातली जागा गेली, आन् तिच्यासंगं साताऱ्याची खुर्ची.

तुमच्या वाडीत सारा भरणारी, म्हंजे मत असणारी, तेवीस माणसं. ह्याच पायरीवर, बिरोबाच्या म्होरं, ह्याच पितळी ताटातला बेल-भंडारा उचलला तेवीस जणांनी — मत हंबीररावाला. मी निर्धास्त. पेटीसुदीक पिवळी मागून घेतली हुती मी, भंडाऱ्याचा रंग, म्हणलं वाडीच्या माणसाचा हात चुकायचा न्हाई. आन् मोजणीला पेटी उघडली तर आत अर्ध्या-अर्ध्या चिठ्ठ्या! मामलेदार म्हणला, पेटीत उंदीर शिरला का काय? मग माझ्या विरुद्ध उभ्या लालासाहेबाची तांबडी उघडली. तिच्यातबी अर्ध्या. टेबलावर जोडून बघितल्या — बराबर तेवीस. समद्या बाद. माझ्या मागनं लालासाहेबबी येऊन गेला हुता, त्यानंबी तुमच्याकडनं भंडारा उचलून घेतला हुता, आन् तुमी दोघांचा शब्द पाळला! एक मत, दोन शपथा, फाडा चिठ्ठी, निम्मी पिवळीत, निम्मी तांबडीत. आवं, जगात अशी दोन वचनं दिली तर माणूस एक मोडतो की सरळ! दोन्ही पाळायला कोण जातं? — समद्या तालुक्यात हसं झालं. लालासाहेब अजून बाजारात मला बघितलं की हातातला कागूद फाडून दावतो.

राहीबाई तेवढी म्हणली, "तुमा दोघांपरीस ती माणसं खरी." माझी मंडळी हो. मी आठ दिस बोललो न्हाई तिच्यासंगं.

पण मी म्हणतो, लालासाहेबाला भंडारा दिलाच कशापायी? — बघू नका असं. कबूल केलेली हीर मी पुरी केली न्हाई म्हणून. मला ठावं हाय. मी का आंधळा हाय? ती काय, दिसतीय हितनं, उकरलेला मुरूम अजून तसाच पडलाय. वीस हात गेली आन् कातळ लागला, आन् वरनं सरकारनं अडवलं, लढाई चालू हुती, सुरुंगाची दारू मिळंना... म्हंजे मिळाली हुती. एक खेप आली हुती. पण तवा आमच्या गावाच्या सडकेला खिंडीत दगड आडवा आलेला, उसाच्या गाड्या खोळंबल्या, गाववाले समदे माझ्या दारात येऊन बसले — आधी सडक करू, मग हीर, असं ठरलं. कुणी ठरवलं? बोर्डानं. बोर्ड म्हंजे... मीच की. पण मनात हुतं, तात्याबा! आज करतो, उद्या करतो. अध्यक्षाच्या टेबलावर कागदं किती असत्यात तुमाला काय ठावं? अरं, काय तरी बोल की रं तू! घटकाभर झाली, नुसती ती चाती गरगर, गरगर —

चुकलो. तुमी वडील माणूस. तोंडातनं गेलं.

झोप न्हाई लागत हल्ली, त्यानं असं हुतं. आन् घरात बसवत न्हाई. पडलो तवा कसं, पहिली दोन वर्सं राहीबाई रोज म्हणायची, "तीस वर्सांनी माझा नवरा घरी जेवला." हरल्याचा तिला आनंदच झालेला, बघा! एक डोळा मिटून हसायची. मी सोप्यावर बसायचो, ती आतनं हाका मारायची, आवं, मिरच्या वाळत घातल्यात, कोंबड्या हाका. अध्यक्ष कोंबड्या हाकतोय! चिडायचो मी. मोटारीचा आवाज आला की उठून बघायचो, कोण बोलवायला आलं का. — ती माघात गेली. आता कोंबड्या सोप्यावर चढत्यात. चढू द्यात म्हणतो. दिवसातनं तीनदा पटका बांधतो आन् सोडतो, जायचं कुठंच नसतं. मग लोणंदला जातो, गाडी येती-जाती बघतो, परत येतो. तर बोर्डात असलं म्हंजे... शाळांची कामं पडल्यात, सडका पडल्यात. लोकांचं हाल बघवत न्हाईत. त्यासाठी उभा ऱ्हातोय मी.

कुठं निघालात? — ताट! मी नाथाजीला म्हणलंच हुतं, तात्याबा न्हाई म्हणायचा न्हाई. आणा, हितं ठेवा, बेल ताजा हाय वाटतं. हां, उचला, आन् ह्या बारीला लालासाहेब आला तर म्हणावं... न्हाई, ताट माझ्याकडं कशाला फिरवता? मी? मी उचलायचा? आवं, उमेदवार कुठं भंडारा उचलतो, त्यो मतदारानं — हिरीकडं बोट दावू नका, कळलं. हीर पुरी करीन, असा. आधी माझा हात, मग तुमचा अंगठा. रास्त हाय. उचलतो की. त्यात काय. दोन बोटं तर बुडवायची —

वारं लय सुटलंय.

तात्याबा, मेलेल्या माणसाला दिलेली शपथ सुटती म्हणत्यात. सुटती का हो? — न्हाई, असंच इचारलं. राहीबाईनं जाताना देवाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी उशाला आणायला लावली हुती. बोलायला हुत नव्हतं, तरी म्हणली, "परत त्या पेट्यांच्या नादाला लागणार न्हाई म्हणा. आन् उचला." मी उचलला. माणूस जातंय, म्हणलं, समाधान करावं. आन् ती... तिनं माझी बोटं पुसली तवा, पदरानं. हां, ही. हीच दोन.

सुटत न्हाई म्हणता. व्हय. तुमाला कुठली सुटायला.

तुमच्या त्या चिठ्ठ्यांचा मला लय राग आला हुता. मला वाटलं, येडी माणसं. आज कळतंय, फाडताना कसं झालं असंल.

नाथाजी! ऊठ. बैलं जुंप. — वडूजला का घरला, ते मग सांगतो, आधी जुंप तर.

ताट आत न्या तात्याबा, भंडारा उडतोय. आन् तांब्याभर पाणी... व्हय, द्या. तुमचंच द्या. — चाती का थांबवली? फिरवा की. फिरवा.