उजवीकडचे सूर

हॅलो? … हां मारो, बोल… अगं नाही निघाले अजून. मादाम ओदेतकडेच आहे. … हो, त्याच पियानोपाशी! … कशी निघू? दाराला आतून कुलूप, किल्ली हिच्या गळ्यात. ‘सिरानुश, सूर बरोबर झाल्याशिवाय तू जायचं नाहीस.’ … हसू नकोस गं! … मी मोकळेपणीच बोलतेय, आपलं आर्मेनियन कळत नाही तिला. … हो, हो, साखरपुड्याला मुलाकडचे आलेत, माहितेय. तालीनला सांग, मावशी येतेय. इथून, अश्रफियेहून, आपलं बुर्ज हमूद काय लांब आहे? सुटले की आलेच… अगं ऐक ना!

तारा कधीच जुळवल्या. भांडण आवाजाचं आहे. उजवीकडचे, वरचे सूर मेलेत म्हणे. हिचा मुलगा वाजवायचा तेव्हा कसे लखलखायचे… म्हणून तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा लोकरी नमदा घासून कडक केला. आता ते सूर माझ्या डोक्यात घुसतात, आणि हिचं आपलं तेच, मेलेत! … आणखी घासला तर लाकूड लागेल, मारो. वाटोळं होईल पियानोचं. … माझ्याआधी पियानो जुळवायला आलेल्या दोघांनाही हिने असंच छळलं.

काय? किती वेळ वाजवत होतीस फोन? … माझे दोन्ही हात आत अडकलेले… पण ही तर फोनला खेटून बसलीय. मान वर केली नाही गं तिने. … थांब. ठेवू नकोस.

मादाम, हा सूर ऐका. … बरं. आणि हा? … हा?

मारो… तिला वाटतंय, मी नुसतीच पट्टी दाबतेय. … पियानोला काही झालेलं नाही. बंदरातला स्फोट झाला तेव्हा ती याच खोलीत होती. … हो, मुलगा त्यातच गेला. … कसं सांगू? … ‘छान झाला’ म्हणून निघून येऊ? उद्या दुसऱ्याला बोलावेल, तो नमदा पार संपवेल. … थांब जरा.

मादाम… पियानो बरा आहे. वरचे सूर तुमच्या कानांना ऐकू येत नाहीत. … हो. आत्ता माझा फोन वाजला, तोही ऐकू नाही आला तुम्हाला. … नाही मादाम. घासून काही व्हायचं नाही आता.

… आहे गं, आहे. … नाही, रडत नाहीये ती. किल्ली काढून दिली. … हो, उघडलं मी दार. … पण ती विचारतेय, खालचे सूर तरी जसे होते तसेच आहेत ना? वाजवून दाखव म्हणते. … माहितेय गं मला! अंगठ्या घाला तुम्ही, माझ्यासाठी खोळंबू नका. … तालीनशी मी बोलेन. … नाही मारो, आता कोणी अडवलेलं नाही मला. ठेवते.