कोणत्या पायात चप्पल

बाई : अरे, हात सोड की माझा. डोळे गेलेत, पाय शाबूत आहेत. इथून डावीकडे ना?

संचालक : डावीकडे कशाला, बाई? आधी माझ्या खोलीत बसू. चहा सांगतो.

बाई : चहा घरीही मिळतो. सून न्यायला येईल एवढ्यात. त्याआधी मला माझी चपलेवाली भेटव.

संचालक : त्या दालनात आज जरा साफसफाई काढलीय...

बाई : मग काय झालं? धूळ थोडीच दिसणार आहे मला? आणि तू संग्रहालयाचा संचालक, तुला कोण अडवतंय? माझ्या कलेच्या इतिहासाच्या वर्गात तुला सगळे उतावळ्या म्हणायचे, आठवतं? चित्रावरचं कापड निघायच्या आत तुझं मत तयार.

संचालक : ते नाव तुम्हीच ठेवलं होतंत.

बाई : ठेवलं होतं. पण त्याच उतावळ्यानं चपलेवालीचं हे चित्र तळघरातून वर आणायला लावलं. जुन्या संचालकांच्या दारात ठाण मांडून बसला होतास. मग त्याच्यावर लेख, मग पुस्तक, मग ही खुर्ची. त्या चपलेवालीनं तुला हाताला धरून वर आणलंय रे. चल.

संचालक : पायरी आहे. सांभाळून.

बाई : हे खुर्च्यांचे आवाज कसले? आणि फुलांचा वास?

संचालक : संध्याकाळी एका कंपनीची मेजवानी आहे इथे. छप्पर गळतंय, बाई, दुरुस्तीला त्यांचा पैसा हवाय. मोठ्या लोकांची मर्जी राखावी लागते.

बाई : राखावी बाबा. अडला हरी... पुढचं म्हणत नाही, कुणी ऐकेल. थांब. आलो ना? समोरच आहे ना ती?

(समोरची भिंत मोकळी आहे.)

संचालक : हो. समोरच आहे.

बाई : मग बोल. आपला नियम आठवतो ना? आधी दिसतं ते सांगायचं, मग माहीत असलेलं.

संचालक : एक बाई दाराशी बसलीय. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. चेहऱ्यावर निरोपाचं सावट. संपूर्ण रंगयोजनाच एका संक्रमणाच्या क्षणाकडे...

बाई : हे तुझ्या पुस्तकातलं. ते मला पाठ आहे. दिसतं ते सांग. चप्पल कोणत्या पायात?

संचालक : उजव्या.

बाई : उजव्या? नीट बघ.

संचालक : बघतोय, बाई. उजव्याच.

बाई : अरेच्चा. मी तर डावा धरून बसलेय इतकी वर्षं. डावा पाय सावलीत, म्हणून चप्पल आधी दिसतच नाही, मग हळूच उमटते. पोरांना शिकवलंसुद्धा मी तसं.

संचालक : आठवणीत होतं असं कधीकधी.

बाई : होत असेल. डोळे गेले तेव्हा सुनेला म्हटलं, रडतेस काय, सगळी चित्रं आत टांगलेली आहेत, ती कोण नेतंय? दुपारी पडल्या पडल्या एकेक दालन फिरते मी मनात. आता तेही पुसायला लागलं म्हणायचं.

संचालक : एका चपलेचं काय एवढं, बाई...

बाई : तू म्हणतोस हे? बरं, एक मागू? चौकटीला हात लावू दे. नुसता लाकडाला.

संचालक : हात लावायची परवानगी नाही, बाई. नियम आहे.

बाई : खरंच की. जन्मभर पोरांच्या हातावर चापट्या मारल्या, आणि आज मीच हात पसरतेय. लाज वाटली पाहिजे मला. राहू दे. चल.

(संचालक मोकळ्या भिंतीकडे वळतो.)

बाई : चल ना. का थांबलास?

संचालक : हात द्या, बाई.

बाई : अरे, नियम...

संचालक : द्या. असा वर. लावा.

बाई : ही तर भिंत आहे. चौकट कुठाय?

संचालक : नाहीये. सकाळीच उतरवायला लावली मी. परत तळघरात गेली. कंपनीचा माणूस म्हणाला, जेवताना समोर असलं उदास चित्र नको. मी हो म्हणालो. चकार शब्द काढला नाही.

बाई : मग उजवा पाय?

संचालक : ठोकून दिलं. मला आठवतच नाही. त्या एका चित्रावर जन्म काढला, आणि तिची चप्पल आठवत नाही. रोज समोरून जायचो, फोन कानाला लावून. तुमचंच खरं असणार. तुमचे डोळे नाहीत म्हणून खोटं बोलायला धजलो मी. तोंड दाखवायची लाज वाटतेय, बाई.

बाई : हे काय टोचतंय?

संचालक : खिळा.

बाई : हं. आता सांग. दिसतं ते.

संचालक : भिंत आहे. सगळीकडे मळलीय. मधला चौकोन तेवढा पांढरा.

बाई : अजून?

संचालक : खिळा. त्यावर तुमचा हात.

बाई : कोणता?

संचालक : डावा, बाई. बघून सांगतोय.