पिसवा कुत्र्यांच्या, शिक्षा बुंदीले

माहेर माझं मोर्शीकडचं, लग्न झालं अन् रायपूरले आली, आमचे हे रेल्वेत, सारी जिंदगी तिथल्याच गुढियारी मोहल्ल्यात गेली, ते वारले तं पोरानं इथं शंकर नगरात फ्लॅटमध्ये आणलं. मी आली तं बुंदी बी आली, बुंदी म्हणजे माझी मांजर, दिवसभर माझ्या पायापायात. आता बुंदी नाही, अन् काहून नाही ते ऐका.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाले आमच्या मराठी बायकांत गालिचा आमचाच जाते, हिच्या घरून तिच्या घरी, आपलीच माणसं, नाही कसं म्हणता. यंदा एकीनं खाली पार्किंगमध्येच कार्यक्रम केला अन् गालिचा तसाच पडू देल्ला, मोहल्ल्यातले कुत्रे लोळले त्यावर, मी वरून या डोळ्यानं पाहिलं. मग गुंडाळून आणून देल्ला, थँक्यू काकू म्हणे. आम्ही कोपऱ्यात उभा केला. नात रांगाले लागली म्हणून होळीच्या सुमारास उलगडला, अन् काय सांगू तुमाले, पिसवाच पिसवा! पोट्टीचे पाय लाल लाल झाले.

पोरगा माझा हिंदीतच बोलते, म्हणे मम्मी, ये तेरी बिल्ली का काम है. मी म्हटलं अरे कुत्रे लोळले त्यावर, मी पाहिलं ना. हव हव म्हणे, नुसतं हो ले हो. मी देवळात जाऊन आली तं बुंदी घरात नाही. थैलीत घालून गुढियारीच्या मालधक्क्यावर सोडून आला, म्हणे वहीं की तो थी, रह लेगी. अरे, वहीं की तो मैं भी थी, मले बी सोडून ये!

अन् पिसवा गेल्या काय? जास्तीच चावाले लागल्या. सूनबाई जनावराच्या डाक्टरले विचारून आली, ते म्हणे मांजर होती तं तिचं रक्त पीत होत्या, आता तुमचंच पितीन, तिच्या मानेवर मांजरीचं औषध टाकलं असतं अन् घर झाडलं असतं तं भागलं असतं. माझं डोकंच सणकलं. तरी पोरगा ऐकते काय, दोस्ताच्या शेतातून धानावर माराचं औषध घेऊन आला, पंपासकट! मी गालिच्यावर मांडी घालून बसली. म्हटलं मार, लेकरू इथं रांगते, तेच हात तोंडात घालते, तिथं जहर मारतं तू? आधी माझ्यावर मार. सूनबाई बी माझ्या बाजूले येऊन बसली, तेव्हा कुठं पंप वापस गेला.

मग आम्ही दोघींनी काढल्या. रोज मशीननं धूळ ओढाची, गालिच्याची, सोफ्याखालची, भिंतीच्या कडेची, अन् थैलीत बांधून लगेच बाहेर फेकाची. चादरी कढत पाण्यात. गालिचा गच्चीवर उन्हात. अन् दिसल्या नाही म्हणून थांबाचं नाही, डाक्टर म्हणे कोषातून मागून मागून निघतात, चालूच ठेवा. ठेवलं. मेहनत लागते त्याले. मांजर थैलीत घालाले काय लागते?

आता घर साफ आहे, नात दिवसभर गालिच्यावर खेळून राहिली. मी बुंदीले शोधाले मालधक्क्यावर चकरा मारून आली, हमाल भैया म्हणते माताजी, यहाँ तो ढेर बिल्लियाँ हैं. पोरगा म्हणे दूसरी ला देता हूँ. मले दुसरी नको. सुखी राहो माझं लेकरू, पोटचं आहे, शाप कसा देऊ. पण मम्मी, गलती मेरी थी, एवढं तं म्हण! नाही म्हणत. पोळी वाढते मी त्याले, गरम गरम वाढते, त्याच्याकडं पाहत नाही.