नीळ जरा जास्त झाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मुख्य व्यवस्थापक साहेब, प्रमुख पाहुण्या डॉक्टरबाई, लांबून आलेले विक्रेते, आमची गाडी घेऊन तिला स्वतःपेक्षा जास्त जपणारे ग्राहक, खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले रंगशाळेतले माझे सहकारी, आणि व्यासपीठावर काळा चष्मा लावून, आपलं कौतुक कधी एकदा संपतंय याची वाट बघत बसलेले आजचे सत्कारमूर्ती, रंगमास्तर!

आज दोन निरोप आहेत. एक मास्तरांचा. दुसरा माझ्या उजव्या हाताला कापडाखाली उभी आहे तिचा. या गाडीचं हे शेवटचं वर्ष. डोंगर चढणारी, नदी ओलांडणारी, आत मऊ चामडं आणि खरं लाकूड असलेली ही आमची गाडी. आता खरं सांगू का? आम्ही विकलेल्या निम्म्या गाड्यांनी हॉटेलच्या दारापुढचा उतार सोडून दुसरा डोंगर पाहिलेला नाही. ग्राहक मंडळींनी राग मानू नये. चढायची ताकद अंगात असली की न चढण्यातही एक रुबाब असतो.

आता तुम्ही म्हणाल, गाडीच्या कार्यक्रमाला डोळ्यांच्या डॉक्टर कशासाठी? तेच सांगायला मी उभी आहे.

मी अंतिम तपासणीत काम करते. ओरखडा दिसला, रंगात फरक दिसला, की लाल पट्टी चिकटवून गाडी मागे पाठवायची, हे माझं काम. आणि मास्तर माझे सासरे. घरी मी त्यांना बाबा म्हणते, इथे मास्तर. सासऱ्याच्या कामात खोट काढण्याचा पगार घेणारी सून तुम्ही दुसरीकडे पाहिली असेल तर मला जरूर भेटवा.

निरोपाच्या वर्षासाठी तीन खास आवृत्त्या ठरल्या. एक काळी, एक वाळूच्या रंगाची आणि शेवटची पांढरी. पांढरी का? तर या गाडीची पहिलीवहिली प्रत पांढरी होती. जिथून निघालो तिथेच थांबायचं, अशी साहेबांची कल्पना. पण त्या पहिल्या पांढऱ्याचा नमुन्याचा पत्रा कपाटात राहून राहून पिवळा पडलेला. मास्तर म्हणाले, "नमुना हवाय कुणाला? तो रंग मीच काढला होता. माझ्या डोळ्यांत आहे."

आमच्या रंगशाळेचा एक रिवाज बाहेरच्यांना ठाऊक नसेल. नवा रंग लावलेला पत्रा मास्तर उत्तरेच्या खिडकीपाशी धरतात, आणि ते बघत असताना कोणी बोलायचं नाही. हूं नाही, चूं नाही. बोलण्याने नजर ढळते, असं त्यांचं म्हणणं. पत्रा खाली आला, मागे सही झाली, की रंग पास.

मास्तरांनी पत्रा धरला. "पिवळा आहे. निळा वाढवा." वाढवला. "अजून." अजून वाढवला. शेवटी त्यांचं समाधान झालं, सही झाली आणि पत्रा माझ्या टेबलावर आला. नीळ जास्त झालेला शर्ट तुम्ही पाहिलाय ना? अगदी तसा! रंगशाळेतल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण रिवाज म्हणजे रिवाज. मास्तरांपुढे तोंड कोण उघडणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पत्रा घेऊन खिडकीपाशी गेले. त्यांच्या हातात दिला. त्यांनी वर धरला, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेतच मी म्हणाले, "मास्तर, हा निळा झालाय."

"कुणाला दिसतोय निळा?"

"सगळ्यांना."

त्यांनी वळून पाहिलं. जो तो आपापले बूट बघत होता. मास्तरांनी पत्रा भिंतीला टेकवला आणि घरी निघून गेले.

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचासुद्धा आवाज नव्हता. मग सासूबाईंनी, त्या काय पहिल्या रांगेत बसल्यात, विचारलं काय झालं म्हणून. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, वर्षभर माझ्याशी भांडताय, शर्ट पिवळे धुतेस म्हणून. मी नीळ घालून घालून थकले. शर्ट पांढरेच आहेत. डोळे दाखवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरबाईंसमोर होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पांढरं पिवळं दिसणारच, असं त्यांनी समजावून सांगितलं. उपाय साधा होता. पण बाबा बाहेर बाकावर बसले आणि मला म्हणाले, "शेवटची गाडी दुसऱ्या कुणाच्या नजरेने रंगवणार असाल, तर मला हार घालायला बोलावू नका. मी यायचा नाही." माणसाने उभा जन्म ज्या नजरेवर काढला, तीच नजर निवृत्तीच्या उंबरठ्यावर दगा देते, तेव्हा त्याला काय वाटत असेल? मला त्या बाकावर फार वाईट वाटलं.

मी साहेबांकडे गेले. विक्रेत्यांना तारखा दिलेल्या होत्या, तेही इथे बसलेत. साहेबांनी थोडा वेळ टेबलावर पेन आपटलं आणि म्हणाले, "काळी आणि वाळूची आधी काढू. पांढरी थांबेल. तिच्या मागे रांगेत कोण उभं आहे?" साहेब, या एका वाक्यासाठी आमचं घर तुमचं ऋणी आहे.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, डॉक्टरबाईंनी होकार दिला आणि मास्तर पुन्हा खिडकीपाशी आले. भिंतीला टेकवलेला तो पत्रा तिथेच होता. उचलला, बघितला आणि ओरडले, "हा निळा कुठल्या गाढवाने पास केला?"

त्यांनी पत्रा उलटा केला. मागे स्वतःची सही!

मंडळी, मास्तर इतके हसले, इतके हसले, की नव्या डोळ्याला पाणी आलं. मग आम्हीही हसलो. मग ते म्हणाले, "आजपासून रिवाज बदलला. मी बघत असताना प्रत्येकाने बोलायचं." त्यानंतरचे चार-पाच पत्रे आम्ही इतका आरडाओरडा करून पाहिले, की शेजारच्या विभागाला वाटलं संप झाला. त्यातून हा पांढरा निघाला. त्याच्या पत्र्यामागे मास्तरांची सही आहे, आणि त्यांच्या हट्टामुळे आमच्या सगळ्यांच्याही.

ही गाडी इथे थांबते. पुढच्या वर्षी बॅटरीवरची नवी गाडी येते आहे. तिचा पहिला रंग त्याच उत्तरेच्या खिडकीत ठरणार, असं साहेबांनी आज सकाळीच सांगितलं. खिडकी राहणार, आरडाओरडाही राहणार. मास्तर, तुमची खुर्चीही तिथेच राहील, वाटलं तर येऊन ओरडा.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. हा काळा चष्मा त्याचाच. पत्रे मास्तरांनी पाहिलेत, पण पूर्ण झालेली गाडी अजून पाहिलेली नाही. "दोन्ही डोळ्यांनी बघेन," म्हणाले. आज चष्मा काढायला डॉक्टरबाईंची परवानगी आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर उदार मनाने पोटात घाला. गाडीच्या रंगात झालं असेल, तर मात्र बिलकुल घालू नका, मोठ्याने सांगा.

बाबा, या. चष्मा काढा आणि ते कापड ओढा. या वेळी कोणी गप्प बसणार नाही.